नॉमिनीचा रकाना आधी बघायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दामच घालत नाही. घातलं असतं तर तासाभरात तुमचा फोन आला असता, "अगं, ही जाहिरात करायला तुला कुणी सांगितलं होतं?" पुण्यात कर्वे रोडवरच्या तुमच्या म्युच्युअल फंड वितरणाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ज्यांची फाइल आहे ते बरोबर ओळखतील. बाकीच्यांचं काही अडणार नाही.

पत्र असं उघड लिहायला कारण आहे. मी नोकरीला लागल्यापासून कॉलेजातल्या ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज येतात. ताई, फायनान्समध्ये शिरायचंय, वेल्थ मॅनेजमेंटची, म्हणजे लोकांच्या पैशांचं नियोजन सांभाळण्याची, इंटर्नशिप कुठे मिळेल? घरात कुणाची ओळख नाही, एमबीए परवडत नाही, इंग्रजी बेताचं. मी उत्तर द्यायला बसते आणि दर वेळी गाडी तुमच्यावरच येते. म्हटलं, एकदाच सविस्तर लिहावं. आभारही मानून होतील आणि त्यांना 'हे वाच' म्हणून पाठवताही येईल.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसरीकडे होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या मुलांसाठी सांगते. जाहिरातीत झोकात लिहिलं होतं, 'वेल्थ मॅनेजमेंट इंटर्न'. पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना फोन बाहेर काढायला लावले आणि नातेवाइकांची यादी करायला सांगितली. मामा, आत्या, शेजारचे काका. त्यांची डीमॅट खाती उघडायची, त्यांच्या गळ्यात पॉलिसी मारायची, टार्गेट झालं तरच प्रमाणपत्र. स्टायपेंड 'परफॉर्मन्सवर', म्हणजे नाहीच. माझा मामा कराडहून म्हणाला, "तुझ्यासाठी घेतो गं पॉलिसी, पण तुला तरी ती कळली आहे का?" त्या संध्याकाळी मी ते काम सोडलं. आजही अशा जाहिरातींचा सुकाळ आहे. तरुण मुलांच्या ओळखीपाळखी फुकटात वापरून घेण्याचा हा धंदा आहे, त्याला इंटर्नशिप म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या मुलाखतीला मी निफ्टी, रेपो रेट असं सगळं घोकून आले होते. तुम्ही त्यातलं काही विचारलंच नाहीत. विचारलंत, "तुमच्या घरचे पैसे कुठे कुठे आहेत?" मी सांगितलं: बाबा एसटीत, त्यांचा पीएफ, दोन एलआयसी, थोडी पतसंस्थेत ठेव, आईचं पोस्टात आरडी, आणि सोनं. तुम्ही म्हणालात, "बाबांच्या पीएफला नॉमिनी कोण आहे, विचारून ये." मी जिन्यात जाऊन फोन लावला. बाबा बराच वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा आईचं नाव घातलं होतं." आजीला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी आत येऊन तुम्हाला सांगितलं, तुम्ही हसला नाहीत, फक्त म्हणालात, "सोमवारपासून ये. महिना आठ हजार देईन. जास्त जमणार नाही, पण एक तारखेला मिळतील." आणि खरंच एक तारखेलाच मिळाले. पुण्यात खोलीभाडं भरून इंटर्नशिप करणाऱ्या मुलीला ही केवढी मोठी गोष्ट असते, ते भरणाऱ्यालाच कळतं.

तो २०२४ चा उन्हाळा. म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचा, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणुकीचा, महिन्याचा आकडा एप्रिलमध्ये पहिल्यांदाच २०,००० कोटींच्या पुढे गेला होता, पेपरात रोज तेजीच्या बातम्या होत्या, आणि मी तुमच्या ऑफिसात ग्राहकांच्या केवायसीचे, म्हणजे ओळख-पडताळणीचे, शेरे तपासत बसले होते. १ एप्रिलपासून नियम बदलले होते. कुणाचं केवायसी 'व्हॅलिडेटेड', कुणाचं नुसतं 'रजिस्टर्ड', कुणाचं 'ऑन होल्ड'. ज्यांनी वर्षांपूर्वी कागद दिले आणि ज्यांचा ईमेल नाहीतर मोबाईल पडताळलेला नव्हता, असे कितीतरी अडकलेले. शिवाय ज्या फोलिओंना, म्हणजे फंडातल्या खात्यांना, नॉमिनी नाही ते ३० जूननंतर गोठवणार, अशी टांगती तलवार. तुम्ही माझ्यापुढे ग्राहकांची एकत्रित स्टेटमेंटं ठेवलीत आणि म्हणालात, "परतावा नंतर बघ. आधी तीन गोष्टी. नाव पॅनप्रमाणे आहे का, बँक खातं अजून चालू आहे का, आणि नॉमिनीच्या रकान्यात काय आहे."

१० जूनला सेबीनं, म्हणजे बाजाराच्या नियामकानं, परिपत्रक काढलं की नॉमिनी नसला म्हणून जुने फोलिओ गोठवणार नाहीत. मला वाटलं, सुटलो. यादीतली निम्मी नावं अजून बाकी होती. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "सेबीनं तारीख काढली, माणसाचं मरण नाही काढलं. यादी पुरी कर." मी केली. कुणी बायकोचं नाव घालायला बिचकत होतं, कुणी दोन मुलांत कसं वाटायचं यावर अडून बसलेलं, एका आजोबांना मुलीचं नाव घालायचं होतं पण मुलाला कळू द्यायचं नव्हतं. फायनान्सच्या पुस्तकात हे कुठल्या धड्यात येतं, मला अजून सापडलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही स्वतःची कमाई कागदावर मांडून दाखवलीत, हे मात्र मी सगळ्यांना आवर्जून सांगते. आपण वितरक आहोत, सल्लागार नव्हे. सल्लागार म्हणवून घ्यायचं तर सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार वेगळी नोंदणी लागते आणि फी ग्राहकाकडून घ्यायची असते. आपले पैसे येतात फंड घराण्याकडून, रेग्युलर प्लॅनच्या खर्चातून, ग्राहकाची रक्कम तिथे राहील तोवर. त्याला ट्रेल म्हणतात. ऑगस्ट २००९ मध्ये एंट्री लोड, म्हणजे गुंतवतानाच कापला जाणारा आकार, बंद झाला तेव्हा तुमच्या ओळखीच्या अनेकांनी हा धंदा सोडून विम्याची वाट धरली, तेही तुम्ही सांगितलंत. मी धीर करून विचारलं, जानेवारी २०१३ पासून वितरकाशिवाय थेट घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आहेत, तिथे खर्च कमी, मग लोक आपल्याकडे का येतात? तुम्ही जराही न चिडता म्हणालात, "ज्याला स्वतः जमतं त्यानं डायरेक्टमध्येच करावं, मी तसं तोंडावर सांगते. बाकीचे येतात, कारण त्यांना फोन उचलणारं माणूस हवं असतं." मग लगेच, "म्हणून फोन वाजला की उचलायचा."

उचलायचा, पण बोलायचं काय, यावर तुमचा पहारा कडक होता. फंड विकण्यासाठी लागणारी एनआयएसएमची फाइव्ह-ए परीक्षा होऊन ईयूआयएन, म्हणजे विक्री करणाऱ्याचा ओळख नंबर, हातात येईपर्यंत एकाही ग्राहकाला एकाही फंडाचं नाव सुचवायचं नाही. अगदी जिन्यात भेटले तरी नाही. मला तेव्हा हे अति वाटायचं. परीक्षेची फी तुम्हीच भरलीत. पेपर तसा अवघड नाही: १०० गुण, दोन तास, ५० ला पास, चुकल्यास गुण कापत नाहीत. पण तुम्ही पाठांतर करू दिलं नाहीत. 'कट-ऑफ टाइम'चा, म्हणजे किती वाजेपर्यंतच्या अर्जाला त्या दिवसाचा भाव मिळतो त्याचा, धडा आला की तुम्ही त्या दिवशीचा खराखुरा अर्ज माझ्यापुढे टाकायचात आणि विचारायचात, सांग, याला कुठल्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, लागेल?

आता त्या काकूंबद्दल. मिस्टर जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या एका पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या: पासबुकं, विजेची बिलं, लग्नपत्रिका, आणि मधेच कुठेतरी फंडांची स्टेटमेंटं. तुम्ही बाजाराचा 'ब' काढला नाहीत. मला चहा सांगायला पाठवलंत आणि मग दोघींनी मिळून कागदांचे गठ्ठे लावायला घेतले. मृत्यूच्या दाखल्यावर आडनावात एक अक्षर वेगळं, पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत नुसती आद्याक्षरं. फंडांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपन्या (आरटीए) दोन: काही योजनांचं काम कॅम्सकडे, काहींचं केफिनटेककडे, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. ज्या फोलिओंना काकू नॉमिनी होत्या ती कामं मार्गी लागली. एका फोलिओचा नॉमिनीचा रकाना कोरा होता. त्याच्यासाठी वारसांचे कागद, हमीपत्रं, मुलांच्या सह्या. एक मुलगा परदेशात. मी तुमच्याकडून निघाले तोवर ते चालूच होतं.

मधेच त्यांना एका बँकेच्या माणसाचे फोन सुरू झाले. विम्याच्या दाव्याचे पैसे खात्यात जमा झालेले त्याला दिसले होते आणि तो त्यांना लगेच एका मोठ्या हप्त्याच्या पॉलिसीत घालायला निघाला होता. तुम्ही काकूंना म्हणालात, "सहा महिने कुठेही सही करायची नाही. माझ्याकडेही नाही. पैसे बँकेत मुदत ठेवीत राहू देत." त्या ठेवीतून तुम्हाला एक रुपया मिळणार नव्हता. मी शेजारी बसून फॉर्म भरत होते. मला या व्यवसायात राहायचंय, हे माझं त्या दुपारी ठरलं.

आणि ४ जून. निवडणुकीच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी बाजार एक्झिट पोलवर उसळलेला असताना तुम्ही मला एक यादी करायला लावली होती: उद्या पडला तर कोण कोण फोन करेल. पडलाच, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली बंद झाला. यादीतली जवळपास सगळी नावं फोनवर आली, त्याच क्रमानं नसली तरी. प्रत्येकाला तुमचा पहिला प्रश्न एकच: "पैसे कधी लागणार आहेत?" एक निवृत्त शिक्षक डिसेंबरमधल्या मुलीच्या लग्नाच्या काळजीनं हवालदिल झाले होते. लग्नाचे पैसे तुम्ही जानेवारीतच लिक्विड फंडात, जिथे चढउतार फार कमी, हलवले होते, ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. पाच मिनिटांत गप्पा हॉल कुठला घेतलाय यावर आल्या.

एका गृहस्थांना मात्र सगळं काढूनच घ्यायचं होतं. तुम्ही एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार, किती लागेल आणि कर किती बसेल, हे दोनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा समजावत बसला नाहीत. "पैसे त्यांचे आहेत," एवढंच मला म्हणालात आणि तीनच्या आत अर्ज टाकायला लावलात. शुक्रवारी, ७ तारखेला, सेन्सेक्स नव्या उच्चांकावर बंद झाला. मी ते गृहस्थ आठवून काहीतरी बोलायला गेले, तर तुम्ही म्हणालात, "पुढे पंधरा टक्के पडला असता तर ते शहाणे ठरले असते. गप काम कर."

जुलैच्या अर्थसंकल्पात शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर दहाचा साडेबारा टक्के झाला, सूट एक लाखाची सव्वा लाख. त्या रात्री तुमच्यासाठी बनवलेली एक्सेल शीट तुम्ही अजून वापरता, असं कळलं. त्यात २३ जुलैच्या आधीची आणि नंतरची विक्री वेगळी धरलेली आहे, ते फक्त २०२४-२५ साठी. आता ती नवी करून पाठवते.

मग मुंबईत लोअर परळच्या एका मोठ्या वेल्थ कंपनीत नोकरीची मुलाखत झाली. समोर तिघं होते. माझ्या आधीच्या मुलांनी शेअर सुचवून दाखवले असावेत. मला विचारलं, इंटर्नशिपमध्ये काय केलंस? मी ट्रान्समिशनच्या, म्हणजे गेलेल्या माणसाची गुंतवणूक वारसांच्या नावावर करण्याच्या, कामाबद्दल सांगितलं. कोरा रकाना, दोन आरटीए, अक्षराचा घोळ, परदेशातल्या मुलाची सही. त्यातल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढची पंधरा मिनिटं त्याच विषयावर प्रश्न विचारले. मग नोकरी मिळाली. पद साधंच, क्लायंट सर्व्हिसिंगचं. बढती मिळून रिलेशनशिपच्या टीममध्ये आले ती नंतर.

इथे माणसं वेगळी आहेत. श्रीमंतांसाठीच्या गुंतवणुकीचे दोन प्रकार: पीएमएसला (स्वतंत्र पोर्टफोलिओ सांभाळण्याची सेवा) किमान ५० लाख, एआयएफला (पर्यायी गुंतवणूक फंड) एक कोटी, त्याखाली दारच उघडत नाही. एका गोष्टीत माझं तुमच्याशी अजूनही पटत नाही. मोठ्या कंपन्यांत नुसती विक्री असते, असं तुम्ही म्हणता. विक्रीचा दाबही असतो, खोटं कशाला बोलू, दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो अंगावर येतो. पण मृत्युपत्र, ट्रस्ट, अनिवासी भारतीयांचे कर, धंद्याची वाटणी हे तुमच्या दोन खोल्यांत मला दिसलं नसतं. मुलांना मी म्हणूनच सांगते, सुरुवात लहान ऑफिसात करा, जिथे मालक समोरच्या टेबलावर बसतो आणि त्याचा फोन तुम्हाला ऐकू येतो. आणि अर्ज करताना दोन प्रश्न विचारा: स्टायपेंड किती, आणि मला नातेवाइकांची यादी द्यावी लागेल का.

तुम्ही माझे कागद तपासलेत, चुकलेल्या फॉर्मवर लाल पेनानं गोल केलेत, कराडला जायच्या आदल्या दिवशी चारला सोडलंत, आणि शिफारसपत्रात एकही खोटं विशेषण घातलं नाहीत. 'वेळेवर येते, विचारून करते, गोपनीयता पाळते.' तीनच वाक्यं. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. या सगळ्याबद्दल मनापासून आभार.

एक विनंती आहे. माझ्याच कॉलेजची एक मुलगी पुढच्या महिन्यात तुम्हाला फोन करेल. बार्शीची आहे, फार बोलत नाही, पण वाचते भरपूर. तिच्या घरचे पैसे कुठे आहेत ते तिला आधीच विचारून ठेवायला सांगणार होते, मग म्हटलं नको, तो प्रश्न तुमचाच राहू दे. एवढंच बघा की यंदा आठ हजारांत पुण्यात खोली मिळत नाही, तेव्हा थोडं वाढवा.

काकांना नमस्कार. गुडघ्यावर उपचार चालू ठेवा, ऑफिसचा जिना दिवसातून एकदाच चढा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
२०२४ च्या उन्हाळ्यातली इंटर्न