क्विझचे प्रश्न छापण्याआधी एकदा तपासा हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हायस्कूलच्या मुलांसाठी तुम्ही जनरल नॉलेजचे शंभर प्रश्न छापलेत, क्विझच्या तयारीसाठी म्हणून. सोमवारी सकाळी चार जणांनी ते पान कापून वहीत चिकटवून आणलं होतं, एकाने तर उत्तरांचा भाग दुमडून वर स्टेपल मारलेली, म्हणजे पाठ झाल्याशिवाय बघायचंच नाही! इतकं मनावर घेतात पोरं, म्हणून म्हटलं लिहावंच. मी सायन्स शिकवते आणि बारा वर्षं झाली शाळेची क्विझ टीम माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे असले शंभर प्रश्न, पाचशे प्रश्न, हजार प्रश्न ढिगाने पाहिलेत. तुमचे नव्वदेक प्रश्न चांगले आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. उरलेले दहा मात्र माझ्या ओळखीचे निघाले. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा भेटले होते, त्याच शब्दांत आणि त्याच चुकांसकट, काना-मात्रेचाही फरक नाही.

१४ नंबरचा प्रश्न बघा. सगळ्यात जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला? उत्तर दिलंय गुरू.

हे आमचं जुनं दुखणं आहे. एका आंतरशालेय स्पर्धेची फायनल होती, आम्ही दुसऱ्या नंबरवर, शेवटचा राउंड बझरचा, बरोबर आलं तर दहा आणि चुकलं तर उणे पाच. आमच्या नववीतल्या मुलीने प्रश्न पुरता संपायच्या आत बझर दाबला आणि सांगितलं शनी. क्विझमास्टरने हातातलं कार्ड बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि म्हणाले सॉरी, पास. शेजारच्या टीमने गुरू सांगितलं आणि त्यांना दहा. आम्ही पाच मार्कांनी हरलो. मी स्टेजमागे गेले तर आयोजकांनी मला पुस्तकच उघडून दाखवलं, मॅडम बघा ना, छापलेलं आहे. मी पहिलं पान उलटून छपाईचं साल बघितलं, २०१४. आता २०१४ च्या पुस्तकाने काय सांगावं बिचाऱ्याने, तेव्हा गुरूच पुढे होता की. पोरगी परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही, नंतर एवढंच म्हणाली की मॅडम मला खरं उत्तर माहीत होतं तेच चुकलं का माझं.

झालंय काय ते सांगते, कारण ही गोष्ट त्या प्रश्नापेक्षा मजेशीर आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये शनीचे २० नवे उपग्रह जाहीर झाले आणि शनी ८२, गुरू ७९ असं झालं. मग २०२३ च्या फेब्रुवारीत गुरू ९२ वर जाऊन पुढे गेला. जेमतेम तीन महिने टिकलं ते, मे मध्ये शनीने शंभरी ओलांडून १४५ गाठले. आणि मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली, शनीचा आकडा २७४, गुरूचे तेव्हा शंभरही नव्हते. म्हणजे साडेपाच वर्षांत ह्या एका प्रश्नाचं उत्तर तीनदा पलटलं. असा प्रश्न विचारू नका असं माझं म्हणणं नाही, जरूर विचारा, पण 'मार्च २०२५ च्या मोजणीनुसार' एवढे चार शब्द जोडायला काय जातं? आणि ते जोडायला बसलात की आपोआप एकदा तपासूनही होतं, हा खरा फायदा.

राजधान्यांचं तेच. कझाकस्तानची राजधानी कोणती हा क्विझवाल्यांचा लाडका प्रश्न. १९९७ पर्यंत अल्माटी होती, मग ती हलवली, नव्या शहराचं नाव १९९८ ला अस्ताना ठेवलं, २०१९ ला नूर-सुलतान केलं, २०२२ ला परत अस्ताना. गंमत बघा, ज्याने २०१८ चं पुस्तक घेतलं आणि पुढे एकही बातमी वाचली नाही तो आज बरोबर, आणि ज्याने २०१९ ला मेहनत करून आपल्या यादीत दुरुस्ती केली तो आज चूक. आळशी माणसाला इतकं आयतं यश दुसरीकडे कुठे मिळत नसेल. स्वाझीलँड २०१८ पासून एस्वातिनी झालाय, मॅसेडोनिया २०१९ पासून नॉर्थ मॅसेडोनिया, आणि तुमच्या यादीत दोघंही जुन्या नावाने नांदतायत.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यात मोजमापच सांगितलेलं नसतं. जगातला सर्वात उंच पर्वत, उत्तर एव्हरेस्ट, ८८४८ मीटर. ठीक आहे, २०२० ला चीन आणि नेपाळने मिळून ८८४८.८६ जाहीर केलं ते वरचे ८६ सेंटीमीटर सोडून देऊ. पण माझ्या वर्गात एका मुलाने हात वर करून विचारलं होतं की मॅडम, कुठून मोजायचं? मला इतका आनंद झाला की मी पुढचा तास त्यातच घालवला, पोर्शन मागे राहिला तो राहिला. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. पायथ्यापासून टोकापर्यंत मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ, तो पाण्यावर दिसतो ४२०७ मीटर पण त्याचं बूड समुद्राच्या तळाशी आहे आणि सगळा मिळून एव्हरेस्टला मागे टाकतो. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो, जो समुद्रसपाटीपासून सव्वासहा हजार मीटरच आहे, तरी त्याचं टोक केंद्रापासून एव्हरेस्टच्या टोकापेक्षा दोन किलोमीटर लांब. का, तर पृथ्वी मध्ये फुगलेली आहे, विषुववृत्ताजवळची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त, आणि चिंबोराझो बसलाय त्या फुगवट्यावर. मी फळ्यावर जरा जास्तच चपटं वर्तुळ काढलं आणि त्यावर दोन टोकं काढली, एवढ्यात पोरांना कळलं. आता ह्यातला कुठलाही एक भाग प्रश्न म्हणून घ्या, 'समुद्रसपाटीपासून' किंवा 'केंद्रापासून' हा एक शब्द टाका, प्रश्न चोख होतो. शब्द गाळला की तीन उत्तरं बरोबर आणि कार्डावर एकच, म्हणजे ज्याला जास्त माहिती त्याचा बळी.

सर्वात मोठं वाळवंट सहारा हेही त्यातलंच. इथे मी कबूल करते, हा प्रश्न मी स्वतः तीन वर्षं लागोपाठ काढला होता. सहारा उष्ण वाळवंटांत मोठं, ९२ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, पण वाळवंट ठरतं ते किती कमी पाऊस-बर्फ पडतं त्यावरून, वाळू असो की नसो, आणि त्या हिशोबाने अंटार्क्टिका जवळपास १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचं आहे. 'उष्ण' शब्द राहिला होता माझा. कोणी टोकलं नाही ते माझं नशीब, मुलांचं दुर्दैव.

मग नोबेल. 'दोनदा नोबेल मिळवणारी व्यक्ती कोण?' उत्तर मारी क्युरी. १९०३ ला फिजिक्स, १९११ ला केमिस्ट्री, बरोबरच आहे. पण लायनस पॉलिंगला १९५४ ला केमिस्ट्रीचं आणि १९६२ ला शांततेचं मिळालं, जॉन बार्डीनला १९५६ आणि १९७२ ला दोन्ही वेळा फिजिक्सचं, फ्रेडरिक सँगरला १९५८ आणि १९८० ला दोन्ही केमिस्ट्री, आणि बॅरी शार्पलेसला २००१ आणि २०२२ ला, तेही केमिस्ट्री. पाच माणसं झाली. एखाद्या मुलाने बार्डीन सांगितलं तर त्याला उणे पाच देणार का? 'विज्ञानाच्या दोन वेगवेगळ्या शाखांत' असं लिहा, मग फक्त क्युरीबाईच उरतात.

आता सरळ सरळ खोटं असलेलं एक, तुमच्या यादीत ६७ नंबर. चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू, चीनची भिंत. अहो नाही दिसत. चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला आणि त्याने सांगितलं की भिंत दिसली नाही, आणि तो काही चंद्रावर नव्हता, पृथ्वीच्या अगदी जवळून फिरत होता. मुलांना मी हे नुसतं सांगत नाही, गणित घालते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, भिंतीची रुंदी धरा सहा मीटर, लांबी कितीही असू दे, आडव्या दोऱ्याला जाडीच नसेल तर दिसणार काय? आता डोक्याचा केस तेवढाच बारीक दिसायला किती लांब धरावा लागेल ते काढा. साधारण पाच किलोमीटर येतं. एका मुलीने लगेच स्वतःचा केस उपटून खिडकीतून बाहेर धरला. त्यानंतर त्या वर्गातला कोणी जन्मात ६७ नंबरला फसणार नाही. पण स्पर्धेत हाच प्रश्न आला तर काय करायचं, हे त्याच मुलीने विचारलं मला, खरं सांगायचं की कार्डावरचं सांगायचं? मी काय उत्तर देणार. मी म्हटलं खरं सांग, मार्क गेले तर माझे गेले.

शोध कोणी लावला वाल्या प्रश्नांवर फार लिहीत नाही, तो वेगळा चिखल आहे. बल्ब म्हणजे एडिसन आणि १८७९, पण इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच सुमाराला तेच करत होता, आणि १८८३ ला दोघांची तिथे एकत्र कंपनीच झाली, भांडून उपयोग नाही म्हणून. टेलिफोनचे अर्ज बेल आणि एलिशा ग्रे ह्यांच्याकडून एकाच दिवशी गेले, १४ फेब्रुवारी १८७६. पेटंट कोणाला मिळालं असं विचारा, वाद नाही.

आणि आता तुमचं कौतुक, कारण तेही खरं आहे. 'सर्वात तापलेला ग्रह कोणता' हा प्रश्न मला फार आवडला. घाईत बझर दाबणारा बुध म्हणतो, सूर्याच्या जवळ म्हणून. थांबून विचार करणाऱ्याला आठवतं की शुक्रावर कार्बन डायऑक्साईडची जाड गोधडी आहे, ९६ टक्के तेच, त्यामुळे तिथे दिवसरात्र ४६० अंशाच्या वर तापमान, आणि बुधाला धड हवाच नाही, रात्री तो उणे १८० पर्यंत थंड पडतो. इथे पाठांतर नसलं तरी चालतं, डोकं चालवून उत्तर काढता येतं. असे प्रश्न वाढवा.

मी आमच्या सरावात एक जोडी ठेवते ती तुम्हाला फुकट देते. पहिला, ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी इटलीत आणि स्पेनमध्ये कोणती तारीख होती? उत्तर १५ ऑक्टोबर. पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं तेव्हा मधले दहा दिवस सरळ गाळले, वार मात्र तुटला नाही, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. ह्याचं उत्तर ऐकून मुलं पाच मिनिटं गोंधळ घालतात, त्या दहा दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते त्यांचं काय वगैरे. मग लगेच दुसरा, रशियातली ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये का साजरी करायचे? ज्याने पहिला नीट ऐकला त्याला दुसरा सुटतो. रशियाने तोवर कॅलेंडर बदललंच नव्हतं, त्यांचा २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे बाकीच्यांचा ७ नोव्हेंबर. एक प्रश्न दुसऱ्याला हात देतो. नुसते तुकडे पाठ करून आलेली टीम इथे गप्प बसते आणि मागच्या बाकावरचा एखादा बोलतो, हे मी दरवर्षी बघते. सर्वात जास्त टाइम झोन कोणत्या देशात हाही ठेवा, सगळे रशिया म्हणतात, रशियात ११, आणि फ्रान्सचे जगभर विखुरलेले भाग धरले तर १२. पण 'सागरापलीकडचे प्रदेश धरून' हे लिहायला विसरू नका, नाहीतर मीच परत पत्र पाठवीन.

तर माझं मागणं फार नाही. आकडा बदलत राहतो तिथे साल टाका, मोजमाप असेल तिथे कुठून मोजलं ते टाका, आणि उत्तरावर कोणी हरकत घेतली तर ऐकून घ्यायची सोय ठेवा, हे स्पर्धा भरवणाऱ्यांनाही सांगतेय. क्विझमास्टरच्या शेजारी एक माणूस फोन घेऊन बसवला आणि राउंड संपेपर्यंत तपासलं तर काही आभाळ कोसळत नाही, मार्क नंतर फिरवता येतात.

येत्या रविवारी निदान १४ आणि ६७ ची दुरुस्ती छापा, तीही छोट्या अक्षरात कोपऱ्यात नको, त्याच मापाच्या चौकटीत छापा. पोरांना जुन्यावर बरोब्बर चिकटवायची आहे.

आपली,
क्विझवाली बाई
(नाव छापू नये, पुढच्या फायनलला परत त्याच आयोजकांकडे जायचंय)