रोज चालणाऱ्यालाही पंगतीतून उठता येईना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत वजन, साखर आणि रक्तदाब यांविषयी नियमित मजकूर येतो आणि मी तो कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आवडीने वाचतो. स्नायूंच्या ताकदीचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच असतो, आणि असला तरी तो जिमला जाणाऱ्या तरुणांपुरता असतो. ही उणीव मला का बोचते, हे कळण्यासाठी थोडे घरगुती लिहितो, त्याबद्दल क्षमस्व.

मी ६७ वर्षांचा सेवानिवृत्त शिक्षक असून निवृत्तीपासून रोज सकाळी चार किलोमीटर चालतो. गेल्या आषाढात तापाने दहा-बारा दिवस अंथरूण धरले. ताप उतरला, चालणे पुन्हा सुरू झाले आणि प्रकृती पूर्वपदावर आली असे मी धरून चाललो. गोकुळाष्टमीला गावी काल्याच्या प्रसादाला पंगतीत बसलो. जेवण उरकले, शेजारची मंडळी हात धुवायला गेली, पोरे पत्रावळी गोळा करू लागली, आणि मी एक हात जमिनीवर व दुसरा गुडघ्यावर टेकून दोनदा उठायला गेलो आणि दोन्ही वेळा पुन्हा खाली बसलो. अखेर दोन पुतण्यांनी काखेत हात घालून मला उभे केले. गुडघा दुखत नव्हता, चक्कर आली नव्हती. मांड्यांत जोरच उरला नव्हता.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने मला साध्या खुर्चीवर बसवले, हातांची छातीशी घडी घालायला सांगितली आणि लागोपाठ पाच वेळा उठायला-बसायला लावले. मला १८ सेकंद लागले. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे हे शरीराची कार्यक्षमता घटल्याचे लक्षण मानतात. हाताच्या पकडीचेही असेच माप आहे: पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही धोक्याची खूण समजली जाते. वयानुसार होणाऱ्या या स्नायूक्षयाला १९८९ मध्ये इर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले, पण आपल्याकडे अजूनही त्याला ‘वय झाले’ एवढेच म्हणतात. प्रत्यक्षात ही घट तिशीनंतरच सुरू होते, दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्क्यांनी, आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. त्यात आजारपण आले की भरच पडते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतील चरबीविरहित वजन सुमारे एक किलोने घटले. माझ्या आषाढातल्या मुक्कामाचा हिशेब मला तेव्हा लागला.

मग रोजच्या चालण्याचे काय झाले, हा प्रश्न मला पडला, तसा तो आपल्या अनेक वाचकांना पडेल. चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी उत्तमच आहे आणि मी ते सोडलेले नाही. परंतु सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना प्रामुख्याने संथ गतीचे स्नायूतंतू काम करतात. ठेच लागल्यावर तोल सावरणारे, खालून उठताना झटक्याने जोर लावणारे तंतू वेगळे असतात, ते वयाबरोबर अधिक झिजतात, आणि त्यांना भार दिल्याशिवाय ते टिकत नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस ताकदीचा व्यायाम स्वतंत्रपणे सांगितला आहे, आणि तो प्रौढांना आणि ज्येष्ठांना सारखाच लागू आहे. ज्या सातारा जिल्ह्यातील औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला, त्याच जिल्ह्यात राहून मी आयुष्यभर मुलांकडून दंड-बैठका काढून घेतल्या आणि स्वतः मात्र फक्त शिट्टी वाजवली, हेही कबूल केले पाहिजे.

आता ताटाकडे वळतो. माझे वजन ६२ किलो आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे मला साधारण ५१ ग्रॅम. ज्येष्ठांनी १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावे, असे या विषयातील अनेक तज्ज्ञ सांगतात. मी आठवडाभर वहीत टिपण ठेवले. सकाळचे पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात, चार वाजता चहा-बिस्कीट, रात्री ‘पचायला हलका’ म्हणून मऊभात आणि ताक. बेरीज ३२-३३ ग्रॅमच्या पुढे एकही दिवस गेली नाही. घरात गरिबी नव्हती, माया उदंड होती, आणि त्या मायेनेच माझ्या पानातली डाळ पातळ होत गेली होती. सौ.चे टिपण याहून वाईट निघाले, कारण तिचे आठवड्याचे दोन उपास साबुदाण्यावर होतात, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. शेंगदाण्याच्या कुटाचा तेवढा आधार. घरोघरच्या बायका सर्वांत शेवटी, उरलेल्या पातळ आमटीवर जेवतात, हेही आपण सारे पाहत आलो आहोत.

यासाठी महागडे डबे आणावे लागत नाहीत. पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे. वरण घट्ट करावे, मोड आलेली मटकी रोजच्या जेवणात यावी, बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे घ्यावेत (३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यातही तेवढीच), आणि रात्रीच्या ताकाऐवजी वाटीभर दही खावे. दात साथ देत नसतील त्यांच्यासाठी पिठले आहेच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज यातले काही करू नये.

हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वाधिक प्रमाणात स्नायूच सामावून घेतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण दिले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने बारीक म्हणजे निरोगी, ही आपली समजूत किती फसवी आहे हे यावरून कळते. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माझ्या तिशीतल्या मुलाला मी हे वाचून दाखवले, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या पोटाकडे पाहिले.

उशीर झाला, असे कोणी म्हणू नये. बोस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करून घेतला गेला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती.

माझ्या दोन सूचना आहेत. उद्यानांत ओपन जिमची यंत्रे बसवली जातात, त्यांचे स्वागतच आहे. पण त्यांतील बहुतेकांवर भार वाढवण्याची सोय नसते आणि वापरायचे कसे हे सांगणारेही कोणी नसते, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी त्यांवर नुसते झोके घेतात. नव्या यंत्रांवर खर्च करण्यापूर्वी आठवड्यातून दोन सकाळी एक प्रशिक्षक द्यावा. दुसरी सूचना आपल्यासाठी: खुर्चीवरून पाच वेळा उठण्याची ही चाचणी, १२ सेकंदांच्या आकड्यासह, आपल्या पुरवणीत चौकटीत छापावी, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांना ती भिंतीवर लावता येईल.

मी सहा महिन्यांपासून दिवसाआड खुर्चीच्या बैठका आणि वाळूच्या पिशव्या उचलण्याचा व्यायाम करतो. गेल्या आठवड्यात मला ११ सेकंद लागले. पंगतीतून उठताना एक हात मात्र अजून टेकावा लागतो.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा