भेकराची सहा गुणसूत्रे

रविवारच्या पुरवणीतील उत्क्रांतीविषयक लेखात ‘गुणसूत्रे (पेशीतले जनुके वाहणारे धागे) जितकी जास्त, तितका प्राणी प्रगत’ असे विधान आहे. ते चुकीचे आहे. आपल्या सह्याद्रीतले भेकर, म्हणजे भुंकणारे छोटे हरीण, घ्या. मादीत अवघी ६ गुणसूत्रे, नरात ७. त्याच्या जवळच्या नात्यातल्या चिनी भेकरात मात्र ४६, म्हणजे थेट माणसाइतकी! तरी जनुकांचा ऐवज दोघांचा बव्हंशी सारखाच. भारतीय भेकराच्या पूर्वजांत गुणसूत्रे टोकाला टोक जुळून सांधली गेली, म्हणून संख्या घटली. माणसाचे क्रमांक दोनचे गुणसूत्रही असेच दोन गुणसूत्रांच्या सांध्यातून झाले. चिंपँझीत ती दोन अजून वेगळीच आहेत, म्हणून त्याची ४८. मग लेखकाच्या हिशेबाने चिंपँझी आपल्यापुढे समजायचा का?

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, चिपळूण