माहुलच्या इंधन टाक्यांची तपासणी

संपादक महोदय,

2005 साली इंग्लंडमधील बन्सफिल्ड इंधन डेपोत टाकीचे पातळीमापक अडकले. पडद्यावर आकडा जागचा हलेना, पेट्रोल मात्र येतच राहिले. भरणा आपोआप तोडणारा वेगळा स्विचही चालला नाही. त्याचा चाचणी-दांडा योग्य जागी धरून ठेवणारे साधे कुलूप बसवलेलेच नव्हते! टाकी ओसंडली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती धुक्यासारखी जमिनीलगत पसरली आणि तिचा भडका उडाला. जयपूरच्या इंधन डेपोत 2009 मध्ये हॅमर ब्लाइंड व्हॉल्व्हमधून, म्हणजे नळी बंद करणाऱ्या झडपेतून, पेट्रोल उसळले. 11 जण दगावले.

मुंबईतील माहुलमध्ये इंधनाच्या टाक्यांपासून घरे किती जवळ आहेत, हे सगळेच पाहतात. तेथील प्रत्येक स्विचची चाचणी प्रत्यक्ष घ्यावी, तिची तारीख फाटकावर लिहावी आणि सांडलेले इंधन अडवणाऱ्या टाक्यांभोवतीच्या बंधाऱ्याचा निचरा-व्हॉल्व्ह बंद असल्याची दर पाळीला हात लावून खात्री करावी.

— काही रहिवासी, चेंबूर