दोन भावांची गल्लत

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला पियानोचे संगीतकार फ्रीडरिश बुर्गम्युलर यांच्यावरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. जर्मनीतल्या आखेनला स्नान करताना बुडून गेला तो धाकटा भाऊ, नॉर्बर्ट, 1836 साली, वय अवघं 26, संगीतकार मेंडेल्सनने शोकसंगीत लिहिलं तेही त्याच्यासाठी. तुम्ही ते मरण थोरल्या फ्रीडरिशच्या खात्यावर टाकून मोकळे झालात! अहो मग 1843 ला पॅरिसच्या ऑपेरात 'ला पेरी' हा अख्खा बॅले झाला त्याचं संगीत कुणाचं? फ्रीडरिश 1874 पर्यंत जगला, शिकवत राहिला, लिहीत राहिला.

चूक होते, समजू शकते. पण फ्रीडरिशबद्दलचे "शिकवण्या करणारा दुय्यम संगीतकार" हे तुमचे शब्द फार लागले.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना पियानो सोडायला निघाली होती. रोज तेच पाच बोटांचे व्यायाम, वर-खाली वर-खाली, क्लासचा दिवस आला की रडारड. तिच्या बाईंनी मग फ्रीडरिशच्या ओपस 100 या पंचवीस तुकड्यांच्या पुस्तकातलं दुसरं, 'अराबेस्क' काढून दिलं. डाव्या हाताने हलके तुटक कॉर्ड आणि वर उजव्या हातात ए-बी-सी-बी-ए, झर्रकन पाच सूर. त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून ती माझ्या पाठीवर तेच पाच सूर वाजवत होती, डेक्कनच्या सिग्नलला गाडी थांबली तरी बोटं थांबेनात. पुढे ती धाव डाव्या हातात येते, तिथे महिनाभर अडखळली, पण रडली नाही. तिची वीत तेव्हा आठ पट्ट्यांवर पुरत नव्हती, आणि या माणसाने हे पंचवीस तुकडे खास लहान हातांसाठी लिहिले, तसं पुस्तकाच्या शीर्षकातच छापलंय, बोटांचे आकडेसुद्धा स्वतः घालून दिले. आणि नुसते नंबर नाहीत, प्रत्येकाला नाव, कुठे झरा, कुठे शिकार, कुठे पाकोळी. नऊ वर्षांच्या पोराला रोज पियानोपाशी आणून बसवणं हे दुय्यम काम कसं काय?

दुरुस्ती त्याच पुरवणीत त्याच पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात दोन ओळी नकोत. आणि मागच्या वेळी माझं पत्र निम्मं कापलंत, त्यातल्या तारखाच नेमक्या गेल्या. या वेळी 1836 आणि 1874 दोन्ही राहू द्या, एवढी कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे