पहिल्या दिवशी कमी चाला

महोदय,

दिवाळी उलटली की मुंबईतील गिरिभ्रमण मंडळांची सह्याद्रीतील सात-आठ दिवसांच्या सलग वाटचालीची पत्रके फिरू लागतात. तरुण मंडळी एका दिवसाच्या ट्रेकवर न थांबता आठवडाभर पाठीवर संसार घेऊन चालायला तयार होत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र यंदा हाती आलेल्या बहुतेक पत्रकांत एक गोष्ट सारखीच आढळली आणि ती काळजी वाटावी अशी आहे. रात्री बारानंतरची कसारा लोकल, तिथून पहाटे जीप, आणि उजाडताच, डोळ्याला डोळा लागलेला नसताना, संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत मोठी चाल.

यामागचे कारण मी समजू शकतो. रजा मोजकी असते, आणि पहिल्या दिवशी उत्साह असतो तेव्हा अंतर कापून घ्यावे असे लीडरला वाटते. परंतु ज्या दिवशी शरीर सर्वांत कच्चे असते, त्याच दिवशी सॅक सर्वांत जड असते. सहा दिवसांचा कोरडा शिधाच चार किलोच्या घरात जातो, त्यात तीन लिटर पाण्याचे तीन किलो, वर स्लीपिंग बॅग, भांडी आणि कपडे. दम दोन-तीन दिवसांत सुधारल्यासारखा वाटतो, पण गुडघे, घोटे आणि त्यांभोवतालच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे, स्नायूंपेक्षा फार सावकाश ओझ्याला सरावतात. त्यामुळे माणूस जोमात चालत राहतो आणि दुखणे दुसऱ्या दिवशी उतारावर डोके वर काढते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. 1998 च्या डिसेंबरात आम्ही पाच जण रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत आणि पुढे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड अशा वाटेने निघालो होतो. लीडर मी होतो. पहिल्याच दिवशी भरल्या सॅकसह रतनगडाच्या शिड्या चढून-उतरून आम्ही खिंडीकडे वळलो. दुपारी एका मित्राने टाच चुरचुरते आहे असे सांगितले, तेव्हा ‘मुक्कामावर बघू’ असे उत्तर मी दिले. बूट काढून, टाच पुसून, त्या लाल जागेवर चिकटपट्टी लावायला पाच मिनिटे लागली असती. घामाने ओली झालेली त्वचा बुटाच्या मागच्या कडेवर तासन्‌तास घासत राहिली की तिचे थर सुटतात, मधे पाणी भरते आणि फोड येतो. दुसऱ्या दिवशी कुमशेतला पोहोचेपर्यंत तो फुटून रक्ताने मोजा टाचेला चिकटला होता. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी तपेल्यात कोमट पाणी आणून दिले आणि तो मोजा भिजवून, बोटाबोटाने सोडवावा लागला. आमच्या सॅक हाताने उचलून पाहत आजी म्हणाल्या, “आमी लाकडाची मोळी आनतो, ती बी वाटंत चारदा टेकवून आनतो.”

त्या रात्री आम्ही अंगणात सॅक उपड्या केल्या. दोन किलो बटाटे, लोखंडी तवा, लोणच्याची काचेची बरणी, प्रत्येकाची जादा जीन्स. निम्मे सामान आजींकडे ठेवले. मित्र सकाळी राजूरला जाणाऱ्या जीपने परतला. तो आजही माझा मित्र आहे, परंतु हरिश्चंद्रगड त्याने त्या वाटेने पुन्हा कधी केला नाही.

अमेरिकेत जॉर्जिया ते मेन अशी सुमारे 3,500 किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. तिच्या दक्षिण टोकापासून जेमतेम 50 किलोमीटरवर, नील गॅप येथे, वाटेला लागूनच गिर्यारोहण साहित्याचे दुकान आहे. तिथवर आलेले अनेक जण सॅक उघडून जादा सामान घरी परत पाठवतात, तर काही जण स्वतःच परततात. दुकानाबाहेरच्या झाडावर टाकून दिलेल्या बुटांच्या जोड्या लटकत असतात.

आपल्याला इतके दूर पाहण्याचीही गरज नाही. आळंदीहून माउलींची पालखी प्रस्थान ठेवते तेव्हा पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी असतो. दुसऱ्या दिवशी ती पुण्यात येते आणि तिथे एक पूर्ण दिवस विसावा घेते. दिवे घाट चढायचा तो त्यानंतर. दिंडीचे बरेचसे सामान ट्रकमध्ये असते हे खरे, पण सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटचालीची ही सुरुवात मला फार जाणतेपणाची वाटते.

म्हणून मंडळांना माझी विनंती आहे की पहिल्या दोन दिवसांची चाल आठ-दहा किलोमीटरपलीकडे नेऊ नये आणि पहिला मुक्काम पायथ्याच्या गावातच करून रात्रीची झोप भरून काढावी. सॅकची तपासणी कसाऱ्याच्या फलाटावर मध्यरात्री करून उपयोग नाही, कारण तेव्हा काढलेले सामान ठेवायचे कुठे? ती आठवडाभर आधीच्या बैठकीत, वजनकाट्यावर व्हावी, आणि ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरल्यास ते तिथेच कमी करावे. कमरेचा पट्टा आवळून भार खांद्यांवरून कमरेवर कसा घ्यायचा, हेही तिथेच शिकवावे. लोकलमध्ये सॅक पोटाशी धरून प्रवास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तो पट्टा कधी लावलेलाच नसतो. निघण्यापूर्वी दोन-तीन रविवार भरलेली सॅक घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालून यायला एक सकाळ पुरते. आणि दुसऱ्या मुक्कामापासून गाडीरस्त्याला कुठून उतरता येईल, हे पत्रकातच छापलेले असावे, म्हणजे दुखावलेल्या माणसाला ते विचारण्याचा संकोच वाटणार नाही.

आपल्या पुरवणीत भटकंतीचे कार्यक्रम प्रसिद्ध होतात. त्यात प्रत्येक दिवसाचे अंतर आणि चढण छापण्याचा आग्रह आपण धरलात, तर नाव नोंदवण्यापूर्वीच वाचकाला पहिला दिवस कसा आहे ते कळेल.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई