नावाखालचे वाक्य

बर्मिंगहॅम

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

उत्तराला महिना लागला, कारण "पोरांना तिकडे मुसलमान म्हणून त्रास होतो का रे?" या तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मावेना. मारहाण, शिवीगाळ असले काही आमच्या इम्रानच्या वाट्याला आलेले नाही. पण गेल्या आठवड्यात तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ए-लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीचा, इतिहासाचा निबंध लिहीत बसला होता, विषय इराक युद्धाचा, आणि एकच वाक्य त्याने तीनदा लिहून तीनदा खोडले. मी कारण विचारले तर म्हणाला, "अब्बा, वाक्य खरं आहे, पण माझ्या नावाखाली ते वेगळं वाचतील."

ही नुसती मनाची समजूत नव्हे. विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जात नाहीत ना, यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य 2015 च्या कायद्याने इथल्या शाळांवर टाकले आहे. त्याला 'प्रिव्हेंट' म्हणतात. अतिउजव्या विचारांच्या नादी लागलेली मुलेही त्यात नोंदली जातात, हे मान्य करायलाच हवे. तरी पॅलेस्टाइनचा बिल्ला दप्तराला लावताना इम्रान दोनदा विचार करतो, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या टॉमला तो करावा लागत नाही.

लेकीचे, सनाचे, निराळे. 29 जुलै 2024 रोजी इथून उत्तरेकडच्या साउथपोर्ट गावात तीन लहान मुलींचा चाकूने खून झाला. मारेकरी मुसलमान निर्वासित असल्याची थाप समाजमाध्यमांवर पसरली आणि दुसऱ्याच संध्याकाळी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. पकडलेला मुलगा इथल्याच कार्डिफमध्ये जन्मलेला आहे, हे पोलिसांनी सांगितले होते, तरी दंगली गावोगाव पोहोचल्या. सना सुट्टीत एका दुकानात काम करायची. निघताना तिने दाराशी थांबून हिजाबवरून हुडीची टोपी ओढून घेतली, तीही ऑगस्टच्या उन्हात. मी पाहिले आणि काही बोललो नाही. ती बोचणी अजून आहे. मशिदीची पडलेली भिंत बांधायला गावातलेच लोक विटा घेऊन आले, हे तिने मला संध्याकाळी फोनवर दाखवले. दुसऱ्या दिवशी मात्र टोपी पुन्हा डोक्यावर होतीच.

इम्रानने निबंध काल दिला. ते वाक्य त्यात राहिले की नाही, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अन्वर